केळवणाच्या पंगतीत राहून गेलेली गोळी

पत्राचा सारांश : पत्रलेखिका २६ वर्षांच्या असून मूळच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या आहेत आणि नोकरीसाठी पुण्यात राहतात. बारावीच्या परीक्षेच्या दिवसांत, रात्रभर जागून अभ्यास केल्यानंतर सकाळी त्यांना पहिली फिट आली. तेव्हापासून त्या सोडियम व्हॅल्प्रोएटची ५०० मिलिग्रॅमची सीआर गोळी सकाळी एक आणि रात्री एक अशी घेत आहेत. शेवटची मोठी फिट येऊन तीन वर्षे झाली. नुकताच साखरपुडा झाला असून लग्न माघात आहे. सासरी आजाराबद्दल काहीही सांगितलेले नाही. “तीन वर्षांत काही झाले नाही, आता लग्नाआधी गोळ्या सुटायलाच हव्यात,” असे आईचे म्हणणे आहे, तर आत्याने कुठूनसे एक चूर्ण आणून दिले आहे. केळवणांच्या गडबडीत नातेवाइकांकडे मुक्काम पडू लागले, तिथे सगळ्यांसमोर गोळी कशी काढायची या संकोचाने रात्रीची गोळी राहू लागली, आणि गेले तीन आठवडे ती पूर्णच बंद आहे. या काळात दोनदा सकाळी हात अचानक उडून चहाचा कप सांडला, तो थकव्यामुळे असावा असे त्यांना वाटते. राहिलेली सकाळची गोळी अर्धी-अर्धी करत महिन्याभरात बंद करता येईल का, आणि जे संपणारच आहे ते सासरी सांगण्याची गरज काय, असे त्या विचारतात.

तुमच्या पत्रात जी गोष्ट तुम्ही अर्ध्या ओळीत उरकली आहे, तिथूनच मला सुरुवात करावी लागेल. तो चहाचा कप थकव्याने सांडला असेल असे मला वाटत नाही. मी डॉक्टर नाही; सत्तावीस वर्षे एका रुग्णालयाच्या औषध विभागात खिडकीमागे उभे राहून गोळ्या देण्याचे आणि त्या कशा घ्यायच्या हे समजावण्याचे काम मी केले आहे. निदान करणे हे माझे काम नव्हे. पण किशोरवयात सुरू झालेला आजार, जागरणानंतर सकाळी आलेली पहिली फिट, आणि झोपेतून उठल्यावर तासाभरात हात उडून हातातली वस्तू पडणे, या तीन गोष्टी एकत्र आल्या की मेंदूविकारतज्ज्ञ अपस्माराच्या एका विशिष्ट प्रकाराची चौकशी करतात. त्याचे नाव तुमच्या जुन्या कागदांवर कदाचित ‘जेएमई’ (जुव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी) असे तीन अक्षरांत लिहिलेले सापडेल. रुग्णालयाची फाइल काढून पाहा. या प्रकारात सकाळचे असे झटके हाच आजाराचा भाग असतो, आणि पुष्कळदा मोठ्या फिटच्या आधीची पूर्वसूचनाही तीच असते.

म्हणून पहिले काम आजचे आहे. सकाळची गोळी अर्धी करू नका, बंद तर मुळीच करू नका. तुमच्या न्यूरॉलॉजिस्टना फोन करा, तीन आठवडे रात्रीची गोळी घेतलेली नाही आणि हात उडत आहेत हे जसेच्या तसे सांगा, आणि रात्रीची गोळी कशी सुरू करायची ते विचारून घ्या. राहिलेल्या गोळ्यांची भरपाई म्हणून एका वेळी दोन-दोन घेऊ नका. भेटीची वेळ पंधरा दिवसांनंतरची मिळत असेल, तर तिथल्या सहायकांना झटके परत सुरू झाल्याचे स्पष्ट सांगा. ‘औषधाबद्दल थोडे विचारायचे होते’ असे म्हटले तर तुम्हाला रांगेत शेवटीच बसवतील. डॉक्टरांशी बोलणे होईपर्यंत स्कूटर चालवू नका, न्हाणीघराची कडी आतून लावू नका, सकाळी उठल्या उठल्या गॅसपाशी उकळत्या भांड्याजवळ उभ्या राहू नका. पुण्यात स्कूटरशिवाय जगणे किती अवघड आहे हे मला ठाऊक आहे, तरीही.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे. तुमच्या आईंचे बोलणे वरवर पाहता बिनतोड आहे : तीन वर्षांत फिट नाही, म्हणजे आजार गेला, म्हणजे गोळी नको. पण ही तीन वर्षे गोळी चालू होती. त्या काळात फिट आली नाही, यावरून गोळी आपले काम चोख करीत होती एवढेच कळते. गोळीशिवाय काय झाले असते हे त्यातून कळत नाही. आणि गोळीशिवाय काय होते याची छोटीशी चुणूक या तीन आठवड्यांत तुम्हाला मिळालीच आहे. ताप उतरला की क्रोसिन थांबवतो तसा हिशेब इथे लागू पडत नाही. फिटच्या गोळ्या मेंदूतल्या पेशींची अतिरेकी उत्तेजना दाबून धरतात, तिचे मूळ त्या उपटून काढत नाहीत.

फिटच्या गोळ्या कधीच बंद होत नाहीत असे मात्र नाही, आणि हे मी इतर वाचकांसाठीही मुद्दाम लिहितो आहे, कारण ‘एकदा धरली की जन्माची’ या भीतीने पुष्कळ जण औषध सुरूच करीत नाहीत. साधारणपणे किमान दोन वर्षे एकही फिट न आल्यास डॉक्टर गोळी कमी करण्याचा विचार करतात. मग ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, कसा आहे, एमआरआयमध्ये काही डाग आहे का, फिट कोणत्या प्रकारच्या होत्या, त्या आटोक्यात यायला किती औषधे लागली, हे सगळे पाहून ठरवतात, आणि ठरल्यावरही डोस टप्प्याटप्प्याने, बहुधा काही महिन्यांत उतरवतात. लहान मुलांच्या काही प्रकारच्या फिट मोठेपणी खरोखरच संपतात. मी वर म्हटलेला प्रकार मात्र गोळीला उत्तम दाद देतो आणि गोळी काढली की बहुतेकांमध्ये उलटून येतो, असा अनुभव असल्याने त्यात औषध दीर्घकाळ चालू ठेवण्याकडे डॉक्टरांचा कल असतो. फिटची कोणतीही गोळी एकाएकी बंद केल्यास एकामागून एक फिट येत राहण्याची, मध्ये शुद्धच न येण्याची अवस्था ओढवू शकते आणि तिच्यात जीवही जाऊ शकतो. महिन्याभराचा तुमचा बेत तुम्हाला हळूहळूचा वाटतो, पण तो कोणाच्याही देखरेखीशिवायचा आहे, आणि त्याचा शेवट नेमका लग्नघाई सुरू होईल त्या आठवड्यात येतो. शिवाय सीआर म्हणजे औषध संथपणे सोडणारी गोळी. ती चुरडायची किंवा चावायची नसते, आणि मोडायची असेल तर त्या कंपनीची ती गोळी मोडण्याजोगी आहे का, हे विचारूनच.

रात्रीचीच गोळी चुकणे तुम्हाला एवढे का भोवले, तेही पाहा. रात्रीचा डोस गळला की शरीरातले औषध सकाळपर्यंत उतरत उतरत तळाला जाते, आणि तुमच्या आजाराची नाजूक वेळ नेमकी उठल्यानंतरची आहे. त्यात केळवणाला जेवणे अकरा वाजता, गप्पा एक वाजेपर्यंत, आणि सकाळी सहाची गाडी. औषध कमी आणि झोपही कमी, हे दोन्ही एकाच सकाळी गाठ पडले.

असे असले तरी लग्नाच्या निमित्ताने औषधाचा विचार व्हायला हवा, हे तुमच्या आईंचे म्हणणे एका वेगळ्याच कारणाने बरोबर आहे, आणि ते कारण तुम्हाला आजवर कोणी सांगितलेले दिसत नाही याचे मला वाईट वाटते. व्हॅल्प्रोएट हे गरोदरपणात गर्भाला सर्वांत जास्त अपाय करणाऱ्या फिटच्या औषधांपैकी आहे. ते घेत असलेल्या मातांच्या दर १०० बाळांपैकी सुमारे १० बाळांना जन्मजात व्यंग आढळते. एरवी हे प्रमाण १०० मध्ये २ ते ३ असते. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या मातांच्या दर १०० पैकी सुमारे ३० ते ४० मुलांमध्ये पुढे बोलणे, शिकणे, वागणे यांच्या वाढीत अडचणी दिसतात. डोस जितका जास्त तितका धोका जास्त. ब्रिटनमध्ये २०१८ पासून मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना हे औषध खात्रीच्या गर्भनिरोधनाशिवाय देऊ नये असा दंडक आहे. आपल्याकडे चिठ्ठी लिहिताना मुलगी एकोणीस वर्षांची असते, अविवाहित असते, आणि तो विषय काढायला सगळेच लाजतात. मग वर्षानुवर्षे तीच चिठ्ठी पुढे चालते. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यातून घडतात ती नळी गर्भधारणेनंतर पहिल्या चार आठवड्यांतच बंद होते, म्हणजे पाळी चुकल्याचे नीट लक्षात येण्याच्या सुमारास. त्यामुळे ‘दिवस गेल्यावर बघू’ हे इथे उशिराचे ठरते.

तेव्हा डॉक्टरांना ‘गोळी बंद करू का’ हा एकच प्रश्न विचारू नका. ‘माझे लग्न माघात आहे, पुढे मूल हवे आहे, तर मला दुसऱ्या औषधावर नेता येईल का, आणि त्याला किती वेळ लागेल’ असे विचारा. लेव्हेटिरासिटॅम आणि लॅमोट्रिजिन ही दोन औषधे गरोदरपणात तुलनेने बरीच सुरक्षित मानली जातात. दोघांचीही आपापली कटकट आहे. लेव्हेटिरासिटॅमने काहींची चिडचिड वाढते, मन उदास होते. लॅमोट्रिजिन अगदी मुंगीच्या पावलाने वाढवावे लागते, कारण घाईने वाढवल्यास अंगावर गंभीर स्वरूपाचा पुरळ येऊ शकतो, आणि व्हॅल्प्रोएट सोबत असताना ते शरीरात जास्त काळ साचून राहत असल्याने आणखीच सावकाश. शिवाय तुमचा प्रकार खरोखर तोच असेल तर काहींमध्ये ते हाताचे झटके वाढवतेही. कोणते घ्यायचे हे डॉक्टर ठरवतील, पण अदलाबदलीला काही आठवडे ते काही महिने लागतात, आणि नवे औषध बसेपर्यंत जुने हळूहळू उतरवत नेतात. म्हणून भेट आत्ताच व्हायला हवी. ही अदलाबदल पूर्ण होईपर्यंत गर्भनिरोधन लागेल, हे गृहीत धरा. त्याच भेटीत फोलिक ॲसिडच्या गोळीबद्दलही विचारा. इथे एक पोटनियम आहे : कार्बामाझेपिन, फेनिटॉइन आणि फिनोबार्बिटोन ही औषधे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी करतात, तर इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या लॅमोट्रिजिनचे रक्तातले प्रमाण कमी करतात. स्त्रीरोगतज्ज्ञांना फिटचे औषध आणि न्यूरॉलॉजिस्टना गर्भनिरोधक, दोन्ही नावानिशी सांगा. आणि हे पत्र वाचणारी एखादी भगिनी आत्ताच गरोदर असेल व व्हॅल्प्रोएट घेत असेल, तर तिनेही घाबरून गोळी फेकून देऊ नये. मोठी फिट आई आणि बाळ दोघांनाही घातक असते. तिने त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

आत्यांच्या चुर्णाबद्दल मी कडक बोलणार आहे. ज्याच्या डबीवर घटकांची यादी नाही, ते घेऊ नका. फिटवरचा हमखास उपाय म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा चुर्णांमध्ये चक्क फिनोबार्बिटोन मिसळलेले आढळल्याची प्रकरणे आपल्या देशात झालेली आहेत. म्हणजे गुण येतो तो १९१२ पासून वापरात असलेल्या एका ॲलोपॅथिक औषधाचाच, फक्त डोस कोणाला माहीत नसतो. त्यातून व्हॅल्प्रोएट हे फिनोबार्बिटोनचे रक्तातले प्रमाण वाढवते, त्यामुळे दोन्ही एकत्र झाल्यास गुंगी चढते, आणि चूर्ण संपले की औषध एकदम तुटल्यामुळे फिट येते. नामांकित, उघड घटक असलेल्या औषधांचाही परस्परांशी संबंध येतो. शंखपुष्पीयुक्त औषध सुरू केल्यावर फेनिटॉइन घेणाऱ्या रुग्णांच्या फिट पुन्हा उसळल्याचे पाहून मुंबईतल्या संशोधकांनी तपास केला, आणि शंखपुष्पीमुळे रक्तातले फेनिटॉइन घटते असा प्राण्यांवरच्या प्रयोगांचा निष्कर्ष त्यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केला. आत्यांचे प्रेम खरे आहे. डबी मात्र डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवा.

आता रोजच्या सवयींबद्दल, कारण माझ्या खिडकीवर आलेल्या बहुतेक तक्रारींचे मूळ तिथेच होते. दोन गोळ्यांची वेळ ठरलेली असू द्या, साधारण बारा तासांच्या अंतराने, आणि रात्रीची गोळी जेवणाशी बांधण्यापेक्षा घड्याळाशी बांधा. केळवणाची पंगत कधी बसेल ते यजमानांनाही माहीत नसते. साडेआठला फोनचा गजर, दोन घास किंवा एक केळे, गोळी, पाणी. अन्नासोबत घेतल्यास पोटात मळमळत नाही. उपवास असेल तर दूध किंवा फळासोबत घ्या, पण घ्या. पाण्याच्या घोटाबरोबर घेतलेल्या औषधाने उपवास मोडतो असे मला तरी वाटत नाही. एखादी गोळी राहिलीच, तर आठवेल तेव्हा लगेच घ्यावी. पुढच्या गोळीची वेळ अगदी जवळ आली असेल तर राहिलेली सोडून द्यावी आणि पुढची नेहमीएवढीच घ्यावी. लॅमोट्रिजिन घेणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवावे की सलग काही दिवस खंड पडला तर जुन्या डोसवर परस्पर उडी मारायची नाही, डॉक्टरांना विचारून पुन्हा खालून चढायचे असते.

व्हॅल्प्रोएट हवेतला ओलावा ओढून घेते. माझ्याकडे एकदा दापोलीकडचे एक गृहस्थ आठवड्याच्या सात खणांची प्लॅस्टिकची डबी घेऊन आले होते. जुलै महिना होता. त्यांनी रविवारीच सगळ्या गोळ्या पाकिटातून काढून खणांत भरल्या होत्या. शुक्रवारच्या खणातली गोळी बोटाला गुळाच्या खड्यासारखी चिकटत होती आणि शनिवारची खणाच्या तळाला बसली होती, नखाने खरवडून काढावी लागली. ‘गोळ्या बनावट आहेत’ अशी त्यांची तक्रार होती. गोळ्या चांगल्याच होत्या. ही गोळी घ्यायच्या वेळीच पाकिटातून काढायची असते. डबी वापरायची तर पाकीट कात्रीने कापून, गोळी तिच्या आवरणात ठेवूनच खणात घालावी. तुमच्या माहेरच्या पावसात तर नक्कीच.

पाकिटावरचे नाव प्रत्येक वेळी वाचून घ्या. दुकानदार ‘कंटेंट तेच आहे’ म्हणून दुसऱ्या कंपनीची गोळी पुढे करतो, पण साधी गोळी आणि सीआर गोळी एकमेकींच्या जागी चालत नाहीत, आणि तुमच्यासारख्या बसलेल्या औषधात कंपनीही शक्यतो तीच ठेवावी. फोनमध्ये पाकिटाचा फोटो ठेवा, घरात पंधरा दिवसांचा साठा शिल्लक असतानाच पुढची खरेदी करा. सर्दी-जुलाब-दातदुखीसाठी दुसऱ्या कोणा डॉक्टरांकडे गेलात तर फिटची गोळी चालू आहे हे आधी सांगा; सिप्रोफ्लॉक्सॅसिन, ऑफ्लॉक्सॅसिन यांसारखी प्रतिजैविके आणि ट्रॅमाडॉलसारखे वेदनाशामक फिटचा उंबरठा खाली आणतात, म्हणजे फिट सहज येऊ शकते, आणि रुग्णालयात वापरले जाणारे मेरोपेनेम हे इंजेक्शन रक्तातले व्हॅल्प्रोएट झपाट्याने उतरवते. वजन वाढणे, केस गळणे, हात किंचित थरथरणे, पाळी अनियमित होणे हे व्हॅल्प्रोएटचे नेहमीचे त्रास डॉक्टरांना सांगावेत, त्यापायी गोळी परस्पर सोडू नये. सतत उलट्या, पोटात जोरात दुखणे, डोळे पिवळे होणे, विनाकारण काळे-निळे डाग उमटणे किंवा विलक्षण सुस्ती आल्यास मात्र वाट न पाहता रुग्णालयात जावे.

सासरी सांगण्याबद्दल. तुमचा प्रश्न ‘संपणारच आहे’ या गृहीतकावर उभा आहे, आणि ते गृहीतक आता डळमळले आहे. कायद्याच्या बाजूने तुम्हाला घाबरण्याचे कारण नाही : हिंदू विवाह कायद्यात लग्नाला अडसर ठरणाऱ्या गोष्टींमध्ये पूर्वी अपस्माराचा उल्लेख होता, तो १९९९ च्या दुरुस्तीने काढून टाकला गेला. अपस्मार असलेल्या व्यक्तीचे लग्न पूर्णपणे वैध असते. पण आजार लपवल्याच्या आरोपावरून नंतर वाद कोर्टात गेल्याची उदाहरणे आहेत, आणि कोर्टाचा विचार बाजूला ठेवला तरी माझ्या धंद्याच्या नजरेतून एक साधा हिशेब दिसतो. तीन आठवड्यांच्या केळवणांत लपवून घ्यायची गोळी तुमच्याकडून घेतली गेली नाही. एका खोलीत, एका कपाटात, एका माणसाबरोबर राहून ती वर्षानुवर्षे लपवून रोज दोनदा घेणे तुम्हाला जमेल का, हे तुम्हीच ठरवा.

सगळ्या गोतावळ्याला जाहीर करण्याची गरज नाही. आधी होणाऱ्या नवऱ्याला, समोरासमोर, घाईत नसताना सांगा, आणि शक्य असेल तर डॉक्टरांच्या भेटीला त्यांना सोबत न्या. त्यांच्या आईवडिलांना काय आणि कसे सांगायचे ते मग दोघे मिळून ठरवा. “मला फिट येण्याचा आजार आहे, गोळी घेतल्यावर तीन वर्षे मोठी फिट आलेली नाही, गोळी पुढेही लागेल, आणि मूल होण्याआधी औषध बदलायचे आहे,” एवढी चार वाक्ये पुरेशी आहेत. ते नकार देतील ही भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. असे नकार मी ऐकलेले आहेत, आणि ऐकून माहिती विचारायला खिडकीशी आलेले नवरेही पाहिले आहेत. नकार यायचाच असेल तर तो माघाच्या आधी आलेला बरा, असे माझे मत आहे. तुमच्या आईंना ते पटणार नाही.

होणाऱ्या नवऱ्याला फिटच्या वेळी काय करायचे तेही दाखवून ठेवा. कुशीवर वळवायचे, डोक्याखाली मऊ काही ठेवायचे, घड्याळ पाहायचे. तोंडात चमचा घालायचा नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणी पाजायचे नाही. फिट पाच मिनिटांहून जास्त चालली किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली तर थेट रुग्णालय. नाकात मारायचा मिडाझोलमचा फवारा घरी ठेवावा का, हे डॉक्टरांना विचारा.

राहता राहिले लग्नाचे दिवस. हळदीच्या आदल्या रात्री मेंदी, पहाटेचा मुहूर्त, आणि तुमच्या सासरी रीत असेल तर लग्नानंतर रात्रभर जागरण-गोंधळ. तुमच्या आजाराला याहून प्रतिकूल वेळापत्रक आखता आले नसते. मुहूर्त दुपारचा मागून घ्या, मेंदी दोन दिवस आधी काढा, आणि गोंधळाला सुरुवातीला बसून नंतर झोपायला जाण्याची सोय करून ठेवा. सांगितलेले असेल तर हे मागता येते, एरवी मागता येत नाही. शालूला खिसा नसतो. त्या दोन दिवसांच्या गोळ्या, कापलेल्या पाकिटातल्या, करवलीच्या पर्समध्ये असू द्या, आणि साडेआठचा गजर तिच्या फोनमध्येही लावून द्या.